राजूरची प्लिमथ

७ ऑक्टोबर
आज गाडीचं मागचं दार खोललं. आतल्या बाजूला, काचेखालच्या पत्र्यावर, तांब्याचे जुने भोकाचे पैसे स्क्रूने बसवलेले. वेड्यावाकड्या ओळी. गंजाची भोकं बुजवायला दुसरं काही मिळालं नसावं. अठ्ठेचाळीस सालची प्लिमथ आणि तिला पैशांची ठिगळं. धन्य आहे. सोनईच्या ज्या व्यापाऱ्याकडून घेतली त्याला फोन केला. म्हणे, "वडलांनी राजूरकडून आनली हुती. त्याच्या आधीचं आपल्याला ठाऊक न्हाई." हा बाबा तिच्यावर कडबा रचायचा.
फोटो काढून जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'अमेरिकेची राणी, राजूरचा कल्हईवाला.' पुण्याची मंडळी लोळून हसली. मलाही मजा आली, खोटं कशाला बोलू.

१० ऑक्टो.
सलीमभाईंनी दाराचं काम घेतलं. नागापूरला आमच्या शेडमागेच त्यांचं डेंटिंगचं दुकान. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून विचारत होते, "साहेब, राहू द्यायचे का हे? कुणीतरी हौसेने लावलेत." म्हटलं, ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल. कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे. काढा.
काढले. स्क्रूची भोकं भरून, घासून पत्रा सपाट. पैसे बाकीच्या भंगारात.

२ डिसेंबर
रंग झाला. रंगाची छटा जमायला महिना गेला, अमेरिकेतल्या लोकांकडून त्यांच्या प्लिमथचे फोटो मागवून मागवून. सु. म्हणाली, "माझ्या शालूला ब्लाउजपीस शोधायला कधी चार दुकानं फिरला नाहीत." बरोबर आहे तिचं. पण दार काय झालंय. आरसा.

११ डिसें.
दुपारी अनोळखी नंबर. राजूरहून देवराम गुरुजी, शाळेत शिक्षक. "सर, पैशांचा फोटो फिरत फिरत आमच्याकडं आला. तुमचा नंबर त्याच ग्रुपमधनं मिळाला. ती गाडी आमची हाय वो."
आमची म्हणजे कशी, ते त्यांनी सांगितलं. गाडी एका ठेकेदाराची. चालवायचे किसनमामा. डोंगरातल्या गावांना दुसरं वाहन नव्हतं, अडलेली बाई मामा मागच्या सीटवर घालून घाट उतरून संगमनेरला न्यायचे. काही जणी पोचायच्या, काही वाटेतच मोकळ्या व्हायच्या. गाडीत मूल झालं की घरचे भोकाचा पैसा बाळाच्या करदोट्यात ओवायचे आणि त्याच्या जोडीचा गाडीच्या दाराला लावायचे. गाडी पण आईच, तिला पण पाहिजे म्हणून.
"माजा वरच्या ओळीत हाय," गुरुजी म्हणाले. "हँडलपाशी. फोटोत दिसतोय."
मी म्हटलं, "हो, प्लिमथ आहे माझ्याकडे." एवढंच. दारावर आता काही नाही हे तोंडातून निघालं नाही.
फोटोखालची ओळ त्यांनी वाचलेली असणारच. तिच्याबद्दल अक्षर नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ डिसें.
भंगारवाल्याकडे गेलो. तांबं-पितळ कधीच भट्टीत गेलं म्हणाला. "काय मौल्यवान हुतं का त्यात?"
सलीमभाईंना सगळं सांगितलं. ते खाली बघत हात पुसत राहिले. मी सांगितलं म्हणून काढले त्यांनी, आणि तोंड त्यांचं उतरलं.

१६ डिसें.
नगरच्या जुन्या बाजारात भोकाचे पैसे मिळाले, मूठभर. घरी आणून टेबलावर मांडले. फोटो बघून तसेच लावता आले असते. सु.ने विचारलं हे काय. सांगितलं. तिने एक पैसा उचलून बघितला, म्हणाली, "आणि ही बाळं कोणाची?"
लाज वाटली. पैसे कुठे ठेवायचे तेही कळेना.

२१ डिसें.
गुरुजींचा फोन. किसनमामा अंथरुणाला खिळलेत, नजर गेलीय. गाडीला एकदा हात लावायचाय म्हणतात. येता का घेऊन?
येतो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं मला. तिथे गेल्यावर पहिल्यांदा खरं सांगायचं, मग बाकीचं. सु.लाही तसंच सांगून ठेवलंय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

४ जानेवारी
राजूरला जाऊन आलो. जमेल तसं लिहितो.
घाट गाडीने मस्त चढला. हे लिहितानाही लाज वाटते, पण इंजिन ऐकून खूश होतो मी. गावात शिरलो तर रस्त्याकडेला बायाबाप्ये उभे, पन्नाशी-साठीचे. सगळे गाडीत जन्मलेले. एकीच्या हातात ओवाळणीचं ताट. मला काही बोलायची संधीच मिळाली नाही. म्हणजे मिळाली असती. मी घेतली नाही.
मामांना दोघांनी धरून आणलं. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, हसले. मग मागचं दार. ते उघडून आतून काचेखाली तळवा लावला आणि सावकाश इकडून तिकडे नेला. पुन्हा नेला.
"ही न्हाई," मामा म्हणाले. "आपली न्हाई ही. आपलीला पैसं हायेत."
ताटवाली बाई मागे सरली. गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "सर, फोटो तर तुमीच टाकला हुता ना?"
आत्ता बोलायचं होतं. मी म्हणालो, "तो दुसऱ्या कुणाचा. मी नुसता पुढे पाठवला. माझीही प्लिमथच, मला वाटलं हीच असेल."
गुरुजींचा चेहरा मोकळा झाला. म्हणाले, "तरीच. ते खाली लिव्हलेलं तुमचं नसनार, असं मी मामांला म्हनलोच हुतो."
मग जेवायला वाढलं. मला हेलपाटा पडला म्हणून सगळे हळहळत होते. ताटवाली, भीमाबाई तिचं नाव, तिने आग्रह करकरून वाढलं. निघताना डिकीत तांदळाची गोणी. "आमच्या वावराचा हाय. लई लांबून आला." मामा खाटेवरून म्हणाले, "तुमी गाड्यांचा शोध लावता म्हनं. आमची बगा कुटं हाय ती. पैसं हायेत तवर वळखू येईल."
हो म्हणालो.

५ जाने.
सु.ने विचारलं, "सांगितलंत?" मी नाही म्हटलं. गोणी अजून डिकीत आहे.

१३ जाने.
गुरुजींनी सगळ्यांना कामाला लावलंय. मला शोधायला सोपं जावं म्हणून प्रत्येकजण आपल्या पैशाची खूण सांगून आवाज रेकॉर्ड करून पाठवतोय. भीमाबाई : "माजा खालच्या कोपऱ्यात. थोडा वाकडा हाय, आमच्या बाचा हात कापत हुता." एक म्हातारी लेकाबद्दल : "ल्योक न्हाई जगला. पन पैसा लावला हुता, मधल्या ओळीत. त्यो बगा सापडला तर."
हा आवाज तीनदा ऐकला. खाली उतरून दार उघडलं, ती सांगते तिथे बोट ठेवलं. गुळगुळीत. किती चांगलं काम केलंय सलीमभाईंनी.

१९ जाने.
गुरुजींना खरं लिहायला बसलो. 'गुरुजी, गाडी तीच आहे' इथपर्यंत लिहिलं. तेवढ्यात त्यांचाच मेसेज वर आला. 'मामा रोज इचारतात. काही तपास?'
लिहिलेलं खोडलं. 'चालू आहे' असं पाठवलं.
त्यांनी जोडलेले हात पाठवले.