एका खाचेचं पाकीट

प्रिय लोरीन,

पत्रासोबत एक रिकामं पाकीट आहे. मळलंय, नदीचा वास येतोय, पण फेकू नकोस. माझी पाकिटं तू एकदा फेकलीस तेवढं पुरे झालं. त्याचं नंतर सांगतो. आधी भांडून घेतो, कारण रविवारी तू रागाने फोन ठेवलास आणि माझं बोलणं अर्धंच राहिलं.

तुझा गॅलन रेल्वेच्या परीक्षेत नापास झाला म्हणालीस. इंजिन चालवायचं त्याचं लहानपणापासूनचं वेड, लेखी पेपरात पोरगा पहिला आला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरने ते ठिपक्यांचं पुस्तक उघडल्यावर त्याला त्यातला आकडाच दिसेना. लाल-हिरवा कळत नाही म्हणून परत पाठवला. चार दिवस खोलीतून बाहेर येत नाही, नीट जेवत नाही, "मी बिघडलेलाच जन्मलोय" म्हणतो. वीस वर्षांचा दांडगा गडी असं म्हणतो! आणि तू? तू सगळं खापर नवऱ्याच्या डोक्यावर फोडून मोकळी झालीस! "आमच्या घराण्यात असलं काही नाही, त्याच्या बापाकडूनच आलं असणार." ड्वेन गरीब आहे म्हणून ऐकून घेतो. त्याच्या जागी मी असतो, तर आत्तापर्यंत सासऱ्याच्या दारात येऊन जाब विचारला असता.

इकडे सस्क्वेहाना नदी आठवडाभर गढूळ वाहत होती, काल निवळली. आमच्या गळ-आमिषांच्या दुकानाला नवा मालक आलाय. त्याने मऊ प्लॅस्टिकच्या आमिषांचे नव्वद रंग भिंतीवर टांगलेत, चमकी लावलेले, लसणाचा वास मारलेले, काय वाटेल ते. मर्लला तर तू ओळखतेस, त्याची जीभ अजून तशीच. "एलवूड, अजून हिरवा भोपळाच का रे? लग्न लावलंयस का त्याच्याशी?" मी म्हटलं, तुझ्या लग्नापेक्षा बरं टिकलंय. त्या रंगाला असलं नाव कुणी दिलं देव जाणे, ना धड हिरवा ना धड भोपळा. पण पाणी निवळ असलं की स्मॉलमाऊथ बास मासा त्यालाच तोंड लावतो, कारण खडकाखालचे चिमटेवाले झिंगे त्याच रंगाचे. झिंगा कात टाकायला लागला की नारिंगी. गढुळात काळा, थंडी पडायला लागली की पांढरा. उरलेले सगळे रंग गिऱ्हाईक पकडायला, मासे पकडायला नव्हेत. मासेमारीचा वाटाड्या म्हणून हे मी चाळीस वर्षं माझ्या होडीतल्या वकील-डॉक्टरांना तोंडावर सांगत आलो. आणि लोक म्हणायचे, रंगाची नजर असावी तर एलवूड शिअररसारखी.

तर ऐक आता त्या नजरेची गंमत. मला हिरवा, तपकिरी आणि नारिंगी हे तिन्ही एकसारखेच दिसतात. कायमचेच. काळा-पांढरा कळतो, निळा कळतो, पण त्या तिघांत मला काडीचाही फरक दिसत नाही. हे फक्त तुझ्या आईला माहीत होतं. लग्नाआधी मी तिला मोठ्या तोऱ्यात हिरवा म्हणून जो स्वेटर नेऊन दिला, तो तपकिरी निघाला. आयोनी हसून हसून पायरीवरच बसली. मग उठली, कात्री आणली आणि माझ्या आमिषांची पाकिटं पुढ्यात घेतली. हिरव्या भोपळ्याच्या पाकिटाला कोपऱ्यात एक खाच, तपकिरीला दोन, नारिंगीला तीन. नवं पाकीट घरात आलं की आधी तिच्या हाताखालून जायचं. होडीत मी पाण्याकडे बघत खिशात अंगठा फिरवायचो आणि लोकांना वाटायचं, म्हातारा नदीचा ठाव घेतोय. रंग न दिसणारा वाटाड्या कोण ठेवणार, या भीतीने मी कुणाला बोललो नाही. तुलासुद्धा नाही.

मग तो सप्टेंबर. आई एप्रिलमध्ये गेली होती. क्लबच्या जोडीच्या स्पर्धेत आपण पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होतो, आठवतंय? त्या संध्याकाळी तू माझ्यासाठी कप्प्यांचा नवा डबा आणलास, सगळी आमिषं रंगांप्रमाणे लावलीस, आणि आईची ती पाकिटं जुना कचरा म्हणून टाकून दिलीस. कप्प्यांवर रंगांची नावं कशाला लिहिशील? तुला रंग दिसतातच की! सकाळी धक्क्यावर मी डबा उघडला आणि अंगठ्याला एकही खाच सापडेना. एका क्षणात आयोनीही गेली आणि माझे डोळेही गेले, असं वाटलं. आणि मी काय केलं? तीस माणसांसमोर तुझ्यावर ओरडलो. "अक्कल आहे का तुला? एका डब्यात भरलं की रंग एकमेकांत उतरतात! सगळा माल नासवलास!" उतरतात, हे खरं आहे, पण उन्हात पडले तर, कप्पा सोडून एकमेकांना टेकले तर. तुझा एकही रंग उतरला नव्हता पोरी. दिवसभर तुझ्या हातचं काही घेतलं नाही. मीच एक उचलून गळाला लावला. तू हळूच म्हणालीस, "डॅडी, हा नारिंगी आहे." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." पाणी काचेसारखं होतं, झिंग्यांचा कात टाकायचा हंगाम सरलेला होता, आणि आपल्याला संध्याकाळपर्यंत एक मासा लागला नाही. त्यानंतर अकरा वर्षांत तू माझ्या होडीत पाय ठेवला नाहीस.

आजोबांचं हे आईमार्फत नातवात उतरतं, असं डॉक्टर सांगतात. तेव्हा ड्वेनला सोड. काल मी दुकानात, नव्वद रंगांच्या त्या भिंतीसमोर उभं राहून सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. मर्ल म्हणतो, "म्हणजे चाळीस वर्षं आम्ही रंगांधळ्याकडून हरलो?" म्हटलं, हो, हरलात, आणि पुन्हाही हराल. मला लाज वाटत नाही. उगाच इतकी वर्षं वाटून घेतली, एवढाच राग आहे. रेल्वेवर माझा राग नाही. सिग्नलला खाच पाडता येत नाही. पण माझा नातू बिघडलेला नाही. तो माझ्यावर गेलाय, आणि मी चांगला धडधाकट आहे!

हे सगळं फोनवर सांगायला गेलो असतो तर पुन्हा ओरडलो असतो, म्हणून लिहिलं. सोबतचं पाकीट जुन्या जाकिटाच्या अस्तरात सापडलं, आईच्या हातचं शेवटचं. गॅलनला त्याच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवायला दे आणि कुणी, कशासाठी ती खाच पाडली ते तूच सांग. शनिवारी सकाळी सहाला मी धक्क्यावर असेन. त्याला ओढून आण. तुझा तो डबा मी सांभाळून ठेवलाय, तोच होडीत असेल. तू मधे बस आणि आम्हा दोघांना रंग सांग. या वेळी ऐकेन. त्या दिवशीही तू बरोबर होतीस, लोरीन. तो नारिंगीच होता.

तुझाच हट्टी बाप,
एलवूड