गाव विचारलं आणि घर गेलं

गुढियारी, रायपूर

चि. प्रफुल्ल यास थोरल्या बहिणीचा, शेवंताचा, सप्रेम जय भीम आणि भरपूर आशीर्वाद.

पत्रास कारण की, राग. (आणखीही एक कारण आहे, ते ओघानं येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतोस की नुसतंच बाटलीकडे बघतोस? वनमाला सरपंच झाल्यापासून घरात चहा कोण करतं तेही कळव, इथं तुझे भाऊजी रोज विचारतात. आम्ही सगळे बरे आहोत, कारण पत्रात तसं लिहायची रीत आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो, हो" करत टीव्ही बघतोस आणि मला संताप आला की मधे कोणी हो म्हटलेलं खपत नाही. म्हणून लिहिते आहे. बसून वाच.

तर आमच्या पाऱ्यावरून, म्हणजे मोहल्ल्यावरून, उड्डाणपूल जाणार आहे आणि त्याचा एक खांब नेमका माझ्या स्वयंपाकघरात उतरणार आहे. (एवढं मोठं रायपूर पडलंय, पण खांबाला जागा हवी ती माझ्या ओट्यावरच.) ज्यांची घरं जातील त्यांना शहराबाहेर का होईना, एकेक फ्लॅट मिळणार असं ठरलं. घरोघरी सर्वे सुरू झाला. आमच्याकडे एक पोट्टी आली, हातात टॅब, गळ्यात कार्ड, उन्हानं तोंड लाल झालेलं. मला दया आली. पाणी दिलं, चहा दिला, पोह्यावर शेव जास्त घातली. ती खाता खाता गोड आवाजात म्हणाली, "अम्मा, गाँव कहाँ है आपका?"

आता तूच सांग, प्रफुल्ल, बाईमाणसाला गाव विचारलं तर ती काय सांगते? माहेर सांगते. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा अंगावर नऊवारीसुद्धा नीट बसत नव्हती. आता नात वकिलीच्या कॉलेजात जाते. माझा सगळा जन्म याच गल्लीत गेला, पण गाव म्हटलं की जिभेवर दुसरं काही येतच नाही. मी सांगितलं, चिखलाबोडी, जिल्हा भंडारा. नुसतं सांगून थांबले असते तरी ठीक होतं. पण बोडीच्या पाण्यातले शिंगाडे, आपल्या दारातली बोर, तू बोरीवरून पडलास तेव्हा माझ्याच अंगावर पडलास, सगळं सांगितलं. पोट्टी मान डोलावत टॅबवर बोटं चालवत होती. मला वाटलं, किती आवडीनं ऐकून राहिली!

तेवढ्यात तुझे भाऊजी आले. हा माणूस जन्मला रायपुरात. यांच्या आजोबांना रेल्वेनं रूळ टाकायला आणलं, वडील मालधक्क्यावर राबले, हे स्वतः इथल्या बाजारात पोती वाहता वाहता म्हातारे झाले. आजोबांच्या गावाला लहानपणी एकदोन लग्नांपुरते गेले असतील. पण चिखलाबोडीचं नाव कानावर पडताच यांचा अभिमान जागा झाला. "हमारा गाँव घाटउमरी. लिखो, घाटउमरी," असं त्या पोरीला बजावून माझ्याकडे वळले, "तुह्या चिखलाबोडीत बोडी सोडून हाय काय? आंबे पाहायचे तं आमच्या घाटउमरीचे!" मग आमचं जुंपलं. सरकारी माणसासमोर आम्ही नवराबायको अर्धा तास भांडलो, कोण कुठून आलं यावर, आणि दोघंही जिंकलो. पोट्टीनं दोघांचंही लिहून घेतलं.

पंधरवड्यानं यादी लागली. आमच्या नावापुढे काय, तर "बाहरी". नत्थू, बाहरी, घाटउमरी. शेवंता, बाहरी, चिखलाबोडी. शेरा असा की पतिपत्नी वेगवेगळ्या जागचे रहिवासी असून इथे तात्पुरते राहतात. तात्पुरते! या घराच्या विटा मी पोटात यशदीप असताना वाहिल्या आहेत. शेजारची बिसाहिन तर अस्सल छत्तीसगडी, सात पिढ्या इथल्या मातीतल्या. ती दर हिवाळ्यात नवऱ्यामुलांसकट परराज्यात वीटभट्टीवर जाते. तिथं राशन मागितलं की म्हणतात, तुम्ही बाहेरचे, आपल्या राज्यात जाऊन मागा. इकडे सर्वेच्या दिवशी तिच्या घराला कुलूप, म्हणून तिच्या नावापुढे लिहिलं, "मकान बंद, परिवार बाहर". म्हणजे मी बाहेरून आले म्हणून बाहेरची आणि ती बाहेर गेली म्हणून बाहेरची. आतलं कोण आहे ते मी यादीत चष्मा लावून शोधलं. सापडलं नाही.

मग मी पेटले. रुचिताला म्हटलं, तुझं कायद्याचं शिक्षण कशाला आहे, चल ऑफिसात. ती वाटेत मला शिकवत होती, "दादी, आर्टिकल उन्नीस बोलना, देश में कहीं भी रहने-बसने का हक है. और गाँव पूछें तो सिर्फ गुढियारी बोलना. प्लीज." (पोरगी मराठी समजते सगळं, पण उत्तर मात्र हिंदीतच देते. तिला कोणी बाहेरची म्हणून दाखवावं!) मी म्हटलं, बाई, बाबासाहेबांनी घटनेत काय लिहिलं ते मला तुझ्या आधीपासून माहीत आहे. आमच्या घरात ते तुझ्या पुस्तकातून नाही आलं.

साहेब बरे होते दिसायला. म्हणाले, अम्मा, नियम आहे, स्थानिकांनाच फ्लॅट, तुम्ही स्वतःच गाव बाहेरचं लिहायला लावलंत. मी शांतपणे विचारलं, "साहब, आपका गाँव कौन सा?" प्रफुल्ल, त्या माणसाचा चेहराच बदलला रे. खुर्चीत मागे रेलले. "मुजफ्फरपुर के पास, अम्मा. लीची का बगीचा है हमारा." मोबाइल काढून फोटोही दाखवला. मी बाजूच्या बाबूला विचारलं. तोही हातातली फाइल ठेवून छत्तीसगडीत म्हणाला, "मोर गाँव तो धमतरी डहर हे, दाई." मग मी उभी राहिले. म्हटलं, "तो आप दोनों भी बाहर के. घर कब खाली कर रहे हो?"

साहेबांनी फोटो बंद केला. "अम्मा, हम नौकरी में हैं."

"तो हम क्या पिकनिक में आए थे?" माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार, कारण चपराशी धावत आला. म्हटलं, रूळ टाकायचे होते तेव्हा कोणी गाव विचारलं नाही. पोती वाहायची होती तेव्हा पाठ बघितली, गाव नाही. आता पाठ वाकल्यावर गाव आठवलं होय तुम्हाला? रुचिता माझा पदर ओढत होती. मी ओढू दिला, पण बसले नाही. बोलून घेतलं. घशाला कोरड पडली, तर त्या बाबूनंच पाणी आणून दिलं.

शेवटी साहेबांनी एक तोडगा सांगितला. घरी येताना रिक्षावाल्याशी मी भाड्यावरून भांडलेसुद्धा नाही. रुचिता घाबरली, मी भांडले नाही की घरातले घाबरतात. असो. वनमालेला आणि पोरांना जय भीम. शिंगाडे निघाले असतील तर येणाऱ्याबरोबर पाठव.

तुझी ताई,
शेवंता

ता. क. : तोडगा असा. चिखलाबोडीच्या सरपंचानं सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायचं की शेवंता या आमच्या गावच्या नाहीत, इथं त्यांचं घर नाही, जमीन नाही, संबंध नाही. तो दाखला लवकर पाठव. खांबाची खूण भिंतीवर लाल रंगानं करून गेले आहेत.

ता. क. दुसरा : वनमालेला सांग, लग्न झाल्यापासून जे तिच्या मनात होतं ते आता खुशाल शिक्का मारून लिही म्हणावं. मी रागावणार नाही. फक्त "संबंध नाही" हे तिच्या अक्षरात असू दे, तुझ्या नको.

ता. क. तिसरा : असाच दाखला साहेबांनी भाऊजींसाठी घाटउमरीहूनही मागितला आहे. तुला माहीतच आहे, घाटउमरी कधीच धरणाखाली गेलं. साहेबांना सांगितलं, तरी म्हणतात, दाखला लागेल. तुझे भाऊजी तेव्हापासून दाराबाहेर बसून आहेत. "हा आमचा नाही" एवढं लिहून द्यायलासुद्धा तिथं कोणी उरलेलं असावं लागतं ना रे.