अंपायरचा डावा हात

२ मार्च
आजपासून नियमित रोजनिशी. कारणही तसंच. क्लबच्या फायनलला अंपायर म्हणून माझी निवड झाली! इतकी वर्षं सेमीफायनलपर्यंत मला उन्हात उभं करायचे आणि फायनलला बाहेरचा माणूस आणायचे. शेवटी गुणांची कदर होतेच. राखीव अंपायर हिचा भाऊ. असू दे, कुणीतरी लागतंच.
डावा खांदा किंचित आखडलाय. कुशीवर झोपल्यामुळे. जाईल.

५ मार्च
शर्टाच्या डाव्या बाहीत हिने हात घालून दिला. मी मदत मागितली नव्हती. अडकलो होतो, इतकंच. ही म्हणते हे तीन महिने चाललंय. हिला तिखटमीठ लावायची सवय.

८ मार्च, संध्याकाळ
साखळी सामना. गोलंदाजी फार नेटकी. माझ्या बाजूनं एकही वाइड नाही. षटकारही नाही. एक चेंडू झाडावरून पलीकडे गेला, पण त्याआधी आत टप्पा पडला होता. मला स्वच्छ दिसला. चौकार दिला. चौकाराला एक हात पुरतो.
चहाच्या वेळी मेहुणा विचारत होता, भावजी, टप्पा पडून चेंडू झाडावरून गेला कसा? याला क्रिकेट कळत नाही.

११ मार्च
हिने धरून डॉक्टरकडे नेलं. फ्रोझन शोल्डर. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. केला. ते म्हणाले, करा ना. म्हटलं, केलाय.
स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं म्हणे. मी ठाम नकार दिला. मैदानावरचा माणूस, डोपिंगमध्ये सापडलो तर? डॉक्टर म्हणाले, अंपायरला कोण तपासतंय, पण तुमची शुगर वाढलेली आहे, तेव्हा दुसरं देऊ. हायलुरोनिक ॲसिड. सांध्यात वंगणासारखं काम करतं. कुणाला बरा फरक पडतो, कुणाला फारसा नाही, व्यायाम मात्र करावाच लागेल, असंही बरंच काही बोलले. मला वंगण शब्द पटला. सायकलच्या चेनला तेल घातल्यावर चेन काय व्यायाम करते?

१४ मार्च
इंजेक्शन झालं. सुईला मी भीत नाही. डोळे मिटले ते एकाग्रतेसाठी. नर्सचा हात धरला तो तिला धीर यावा म्हणून. तिनं नंतर बोटं चोळली.
फिजिओथेरपिस्ट मुलीनं व्यायाम दिला. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, पोचतील तिथे पेन्सिलीची खूण करायची. सोपं आहे. उद्यापासून.

१५ मार्च
वंगण आधी मुरायला हवं. व्यायाम उद्यापासून.

१७ मार्च
पाहुणे.

१९ मार्च
व्यायाम सुरू! पहिली खूण जरा खाली आली. दुसऱ्यांदा स्टुलावर उभा राहून केला, खूण एकदम दीड फूट वर. फिजिओथेरपिस्टला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, कमाल आहे, असं कधी पाहिलं नाही. हिनं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. प्रगती बघवत नाही लोकांना.

२२ मार्च
मुलगी आली होती. जावईबापू फायनल खेळणार आहेत, फटकेबाज माणूस. ती सरळच म्हणाली, बाबा, यंदा तुमच्या जागी मामाला उभं राहू द्या. तुमचा जावई वर्षभर पहाटे उठून सराव करतोय, तुमच्या खांद्यापायी त्याचं नुकसान नको.
फार वाईट वाटलं. दोन तास कुणाशी बोललो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

२६ मार्च
मेहुणा म्हणतो, किमान शेवटचं षटक मला द्या. डाव ओळखला. साफ नाही म्हटलं.
आरशासमोर सराव. उजवा हात थोडा वाकवला, मान डावीकडे कलती केली आणि डोळे बारीक केले की दोन्ही हात सारखेच वर दिसतात. प्रेक्षक लांबच असतात.

२९ मार्च, रात्री
शेवटच्या चेंडूवर जिंकायला सहा धावा हव्या होत्या. समोर जावईबापू. माझ्याच बाजूनं षटक. त्यांनी असा काही हाणला की चेंडू साइटस्क्रीनवरून, रस्त्यावरून, थेट लाँड्रीच्या पत्र्यावर. लाँड्रीवाला चेंडू घेऊन बाहेर आला.
चौकार दिला असता तर ते हरले असते. मी टप्पा आठवून पाहिला. प्रामाणिकपणे पाहिला. नव्हता.
सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. उजवा हात वर गेला. डावा बरगडीपर्यंत आला आणि थांबला. सीमारेषेवर मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. तिच्याकडे बघून जोर लावला. नाही गेला. रडू आलं मला.
तेवढ्यात गोलंदाज जवळ आला. ज्याला तो षटकार बसला होता, तोच. म्हणाला, काका, सिक्स ना? आणि उत्तराची वाट न बघता माझं डावं मनगट धरून हात वर केला.
मी जो ओरडलो तो लोकांना जल्लोष वाटला. सगळे ओरडले. जावईबापूंनी धावत येऊन मिठी मारली. डावीकडून.

३० मार्च
क्लबची सभा. खिलाडूवृत्तीचं बक्षीस गोलंदाजाला. फोटोत षटकाराची खूण तोच देतोय, मी त्याच्या हाताला लोंबकळलोय.
मग पुढच्या वर्षीच्या फायनलचा विषय निघाला. मेहुण्याचं नाव सुचवलं गेलं. सेक्रेटरी म्हणाले, ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. सगळ्यांचे वर झाले. हिचा, मुलीचाही.
मीही केला. उजवा. अगदी सहज गेला.