मोटारीखालचा काळा ठोकळा

३ फेब्रुवारी, मंगळवार

बोट आली. अंगणात आता सायकल लावायलाही जागा नाही. जीपनं ट्रेलर उलटा आत घेताना जावईबापूंनी फाटकाचा खांब खरवडला. "सॉरी हं, बाबा," म्हणाले. मी म्हटलं, असू द्या, खांब जुनाच होता. खांब गेल्या वर्षी बसवलाय!

पण बोलणार कसं? एक तर जावई, त्यात आपल्याच घरी वरच्या मजल्यावर राहतात. एखादा शब्द लागला तर पंचाईत. धाकटीनं दुपारीच ताकीद दिली — "बाबा, त्याला शिकवायला जाऊ नका. फ्रिजच्या दुकानातली नोकरी सोडून धंदा काढतोय, आधीच धास्तावलाय." मी कशाला शिकवतोय! जन्म गेला बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये. बोटीतलं मला काय कळतं?

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज तलावापर्यंत नेऊन आणली. मी स्कूटरवरून मागे मागे. बघवेना.

मोटार बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेली असते. रस्त्यावर तिचा पाय घासू नये म्हणून बटण दाबून ती वर उचलायची, आणि मग एक बोटभर खिट्टी तिला धरून ठेवते. ही खिट्टी उभ्या बोटीसाठी. चालत्या रस्त्यासाठी नव्हे! प्रत्येक खड्ड्याला मोटार मान डोलवत होती आणि तिच्याबरोबर मागची फळी. एवढं धूड, सगळा भार त्या एका फळीवर. खालून ट्रेलरचा टेकू हवाच.

जेवताना विषय काढला. "रस्ता फार खराब आहे हो."

"हो ना, बाबा."

"मोटार जड असेल, नाही?"

"खिट्टी आहे ना तिला."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, खिट्टी आहे. आणि मूग गिळून भात कालवला.

सोळा तारखेपासून तलावातल्या बेटावरच्या विश्रामगृहाचं काम मिळालंय — भाजी, गॅस, धुतलेल्या चादरी, पाहुणे. काठावर बोट ठेवायची सोय नाही, म्हणजे रोज नेआण. रोज मान डोलावणं. महिन्याभरात फळी हातात येईल.

७ फेब्रुवारी, शनिवार

जुन्या चौकटीचं लाकूड माळ्यावर होतं. त्याचा ठोकळा केला. एक टोक ट्रेलरच्या मागच्या आडव्या दांडीवर बसतं, दुसऱ्याला खोबण काढली, तिच्यात मोटारीचा पाय विसावतो. खोबणीला टायरच्या ट्यूबचं अस्तर. उलटा बसू नये म्हणून चाकूनं "वर" असं कोरलं. दोघं बाजारात गेले होते तेव्हा लावून पाहिला. मोटार जागची हलेना. फार दिवसांनी असं नेटकं काम हातून झालं.

ही म्हणाली, "त्यांना सरळ सांगा ना."

"सांगितलं की अपमान होतो."

"आणि न सांगता केलं की?"



८ फेब्रुवारी, रविवार

फाटकाचा काळा रंग उरला होता, तो ठोकळ्याला दिला. मोटारही काळी, तिच्या सावलीत तो दिसणारच नाही. दिसला नाही की अपमान नाही. उद्या सकाळी बोट पहिल्यांदा पाण्यात घालायची आहे. मी बरोबर जाणार आणि काठावर पोचलो की गुपचूप काढून घेणार. जावईबापूंना पत्ता लागायचा नाही आणि फळीही शाबूत राहील. स्वतःवरच खूश आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कोणी खाली यायच्या आत ठोकळा बसवला, पट्टीनं आवळला. मग आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर अंगण रिकामं! विश्रामगृहाच्या मॅनेजरचा फोन आला म्हणून जावईबापू लवकर निघून गेले होते. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, नाही. तशीच स्कूटर काढली.

पोचलो तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. ट्रेलर उतारावर, मागची चाकं पाण्यात. त्यांनी बोटीत चढून मोटार खाली घ्यायचं बटण दाबलं होतं. खाली ठोकळा, मोटार जाणार कुठं? बोट मागच्या पट्ट्यानं ट्रेलरला बांधलेली, तीही हलेना. सगळा जोर फळीवर आला. वरपासून खालपर्यंत उभी चीर. बोट आत जाऊ शकत नाही.

जावईबापू गुडघाभर पाण्यात उभे होते. म्हणाले, "माझीच चूक, बाबा. पट्टा आधी सोडायला हवा होता."

मी मोटारीखाली पाहिलं. ठोकळा तिथं नव्हता. 

१० फेब्रुवारी, मंगळवार

ठोकळा शोधायला तलावावर जाऊन आलो. काठानं सगळीकडे पाहिलं. लाकूड आहे, तरंगत कुठल्या कुठं गेलं असेल. जीव भांड्यात पडला — आणि त्याचीच लाज वाटली.

घरी वरच्या मजल्यावरून धाकटीचा आवाज येत होता. "पहिल्याच दिवशी? साधा पट्टा सोडायचं सुचलं नाही? उद्या त्या बोटीत माणसं बसणार होती!" 

हिनं भाजी निवडता निवडता माझ्याकडे पाहिलं. हिला सगळं माहीत आहे. विचारत नाही, ते जास्त जाचतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आजही सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बोट विकायचं ठरलं. ठरवलं धाकटीनं. फ्रिजच्या दुकानाचे मालक जावईबापूंना परत घ्यायला तयार आहेत. उद्या गिऱ्हाईक येतंय. जावईबापू आज बोट धूत होते. विकायच्या वस्तूला कोणी इतक्या मायेनं पुसत नाही. मी खिडकीतून बघत होतो. माणूस चांगला आहे. माझ्यासारख्या खडूसाच्या घरात राहून एकदाही आवाज चढवला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

गिऱ्हाईक आलं. फळीवर टिचक्या मारत म्हणालं, "कशानं तडकली?"

"माझ्या हलगर्जीपणानं," जावईबापू म्हणाले.

धाकटी शेजारीच उभी होती. ते वाक्य ऐकताना तिचं तोंड असं झालं, की माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "माझ्या." आणि सगळं सांगून टाकलं. चौकटीचं लाकूड, ट्यूब, बटण, सगळं.

धाकटी म्हणाली, "काळा? बाबा, मुद्दाम काळा रंग दिलात?"

"हो."

"आठवडाभर मी याला वाट्टेल ते बोलतेय आणि तुम्ही खाली निवांत जेवताय?"

निवांत नव्हतो जेवत. पण जेवत होतो हे खरं. ती रडायला लागली. तिनं जे काही सुनावलं ते सगळं ऐकून घेतलं.

जावईबापू एवढंच म्हणाले, "असू द्या. बाबांनी चांगल्यासाठीच केलं." ना राग, ना आश्चर्य! खरं सांगायचं तर थोडा खट्टूच झालो. इतक्या दिवसांचं ओझं उतरवलं आणि समोरच्याच्या भुवयाही वर गेल्या नाहीत.

गिऱ्हाईक म्हणालं, "आधी घरातलं मिटवा, मग मला बोलवा." बोलवणार नाही. धाकटीनंच फाटक लावून घेतलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फायबरच्या बोटी दुरुस्त करणाऱ्यानं फळी उघडली. आतलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं. "आज ना उद्या गेलीच असती," म्हणाला. या वाक्याचा आधार घ्यायचा नाही असं मी ठरवलंय. हिला दोनदा सांगून झालं.

विश्रामगृहवाले पुढच्या सोमवारपर्यंत थांबायला तयार आहेत. धाकटी नवऱ्याच्या हाताशी उभी राहून हवं नको बघते. माझ्याशी कामापुरतं बोलते. रास्त आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नवी फळी बसली. जावईबापूंना पाना हवा होता, तो बघायला जीपमध्ये गेलो. चालकाच्या सीटखाली हात घातला तर त्यांच्या जुन्या शर्टात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. सोडून पाहिलं — माझा ठोकळा. खोबण फाटलेली, तलावाचा चिखल वाळून चिकटलेला, आणि वर माझंच "वर".

म्हणजे त्यांना त्याच सकाळपासून माहीत होतं. आठवडाभर त्यांनी धाकटीचं सगळं ऐकून घेतलं, बोट विकायला काढली, आणि माझ्याकडे साधं रोखूनही पाहिलं नाही.

ठोकळा तसाच उचलून अंगणात गेलो. त्यांनी बघितलं आणि मान खाली घातली. जणू चोरी त्यांची पकडली गेली. मी म्हटलं, "अरे, लपवतोस काय? इकडे ये. धर मोटारीच्या खालून." लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं.

तो आला. खालून धरला. म्हणाला, "बाबा, याला आता लाल रंग देऊ या."