मंठाळच्या माळावरची हरणं

११ डिसें., मैलूर (बीदर)
डोकं फिरलंय. आमच्या गावच्या, मंठाळच्या माळावर सोलर प्रकल्प येणार, त्याचा पर्यावरण अहवाल आज वाचला. काळविटाचा निकाल एका ओळीत: 'लीस्ट कन्सर्न'. नामशेष व्हायचा धोका सगळ्यात कमी, सबब हरकत नाही. अरे गाढवांनो, ही प्रतवारी साऱ्या जगातल्या काळविटांची! आमचा कळप संपला तर जगाच्या हिशेबात कुणाला कळणारही नाही. बी.एस्सी.च्या पोरांना दरवर्षी हेच घसा फोडून शिकवते मी. शिवाय आपल्या कायद्याने याच जनावराला वाघाच्या रांगेत बसवलंय, त्यावर अवाक्षर नाही.

१५ डिसें., मंठाळ
सोलरची जनसुनावणी. मी तावातावाने मुद्दे मांडले, सुनावणी घेणारे साहेब मान डोलवत होते. मग उठलं कोण? आमचे अप्पा!
"साहेब, हरणं लई झाल्यात. हरभरा ठिवंनात. न्या कुठंबी."
टाळ्या. साहेब हसले, "बघा मॅडम, तुमचे वडीलच म्हणतात."
घरी आल्या आल्या भांडले. "अप्पा, हरणं वाढली न्हाईत. पलीकडचा माळ नांगरला, म्हणून आपल्या रानात दिसायलेत."
"व्हय. तुला पगार हाय. माझा हरभरा कोण राखायलंय?"
खरंच होतं ते. म्हणून जास्तच भडकले. न जेवता बीदरची बस धरली.

१९ डिसें., येळवस
रानातल्या पूजेच्या या अमावास्येला गावी जाणारच नव्हते. आईने फोन करकरून बोलावलं. रानात कडब्याची खोप, पूजा, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, सगळं नेहमीसारखं. अप्पांशी बोलले नाही. सोलरसाठी माळ मोजणारी दोघं बांधावरून चालली होती, तर अप्पांनी हाका मारून त्यांनाच पंगतीला बसवलं! येळवसेला रानाशी आलेला उपाशी जात नाही, कबूल. पण यांना? आणि वाढायचं कुणी, तर मी. भज्जी वाढली नाही, आदळली.
तेवढ्यात कळप हरभऱ्यात शिरला. मोजणीवाल्यांपैकी एकजण ढेकूळ घेऊन उठला.
अप्पा खेकसले, "बस खाली. आज कुणाला हाकलायचं न्हाई."
बसला. हरणं चरत राहिली, आम्ही बघत राहिलो.
मला राहवेना. "आन् उद्या, अप्पा?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या माणसाच्या पेल्यात आंबील ओतत म्हणाले, "उद्याचं ह्यांला इचार."
तो खाली मान घालून जेवत राहिला.