पासपोर्ट हातात

फहाहील, कुवेत, १९९७

कामगार कचेरीतल्या चाचांना नमस्कार,

तुमचं नाव विचारायचं राहिलं आणि तुम्हाला मराठीही येत नाही, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहणार. पण काल माझं लग्न झालं, हे तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

सालमियातल्या दवाखान्याच्या मालकानं माझा पासपोर्ट कपाटात ठेवला होता. लग्नाला गेलेली नर्स परत येत नाही, असं त्याचं म्हणणं. पासपोर्टशिवाय वकिलातीत लग्न लागेना. तक्रार केली तर नोकरी जाईल, या धास्तीनं मी अर्ज पुढे न करताच तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही कुवेती असून चक्क मुंबईच्या हिंदीत म्हणालात, "डरती काय को? हमारा बचपन भेंडीबाजार में गया."

तुम्ही फोन करून मालकाला बोलावून घेतलंत. त्यानं पासपोर्ट टेबलावर ठेवला. तुम्ही मान हलवून माझ्या हाताकडे बोट दाखवलंत. त्याला तो माझ्या हातात द्यावा लागला.

"अब भाग जाएगी?" तुम्ही मला विचारलंत.

"नहीं, शादी करके ड्यूटी पे आएगी," मी म्हणाले.

मालकालाही हसू आवरलं नाही.

आज माझ्या नवऱ्याबरोबर, जयदीपबरोबर, कचेरीत पेढे घेऊन गेले, तर तुमची बदली झालेली. मग बाकावर बसलेल्या सगळ्यांनाच पासपोर्टची गोष्ट सांगत पेढे दिले. एका मल्याळी नर्सनं हळूच विचारलं, "सचमुच मिलता है?" मी पर्समधून पासपोर्ट काढून तिला दाखवला. तिनं पेढा तोंडात टाकला, ओढणी सावरली आणि ती तुमच्या खिडकीकडे निघाली.

तुमच्या आशीर्वादाची धनी,
सुखदा