बांधावरचा निम्मा भात

आये, तुझे गुडघे आता कसे आहेत? आबांचा दमा बसला का? मधल्या ताईला अन्न पचतं का, की अजून पोट धरून बसते? मेलेल्या माणसांची प्रकृती विचारतेय म्हणून हसशील. पण मूळ गोष्टीला हात घालायचा धीर होत नाही.

लोणावळ्यात आमचं महिला मंडळ दुपारी फुकट जेवण देतं. वाढायला मी असते. नियम एकच, इथंच बसून खायचं, घरी न्यायचं नाही. नेलेलं विकतात, असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही माना डोलावल्या. मंगळवारी एक बाई ताटातला निम्मा भात पदराआड डब्यात सारत होती. बंगल्यांची झाडलोट करते, सध्या काम नाही. मी भर पंगतीत ओरडले, "ए बाई, डबा काढ बाहेर! लग्नाला आलीस व्हय?" पंगत हसली. ती हळूच म्हणाली, "मावशी, पोरगी तापानं पडलीया. जादा न्हाई घेतलं, माझ्यातलंच हाय." मी म्हटलं, "समद्याजणी हेच सांगत्यात." तिनं डबा ताटात पालथा केला, न जेवता उठली आणि गेली. तेव्हापासून आली नाही.

त्या रात्री मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. आपल्या वडिवळे गावची आवणी, ती भाताची लावणी आठवली. तू चिखलातून वर येतेस, बांधावर पान मांडतात, शेताची मालकीण भात वाढते. तू चार घास खातेस आणि उरलेला आमच्यासाठी पळसाच्या पानात बांधतेस. नेमकी तेव्हाच मालकीण पाठ करून कालवण ढवळत बसते. टोपात कालवण उरलेलं नसलं तरी ढवळते. मी एकदा विचारलं, तिला दिसत नाही का गं? तू म्हणालीस, "समदं दिसतं तिला. म्हून तर बघत न्हाई."

त्या भातावर मी वाढले, आये. आणि मला साधी पाठ फिरवता आली नाही.

ती डब्यावाली बाई कार्ल्याला राहते, एवढं कळलंय. उद्या डबा घेऊन जाणार आहे. मंडळात मी नियम बदला म्हणाले, तर एकीनं विचारलं, "तुम्हाला का एवढा पुळका?" मी ताटं गोळा करायला लागले. आमच्या घरी कधी काही कमी नव्हतं, असंच मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. पळसाच्या पानातला तो भात नवऱ्यालासुद्धा सांगितला नाही.

हे पत्र तांदळाच्या डब्यात घालून ठेवते, दुसरं कुठं टाकणार? तिच्या दारात पहिला शब्द काय बोलू, तेवढं मात्र लवकर लिहून कळव.